घरच्या परीक्षेवर कॅमेरा लावण्याआधी: परीक्षा मंडळांना खुले पत्र

प्रति,
मा. संचालक व सदस्य,
परीक्षा व मूल्यमापन मंडळ,
महाराष्ट्रातील सर्व सार्वजनिक विद्यापीठे

विषय: ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या परीक्षा देखरेखीखाली की देखरेखीशिवाय

महोदय/महोदया,

स.न.वि.वि.

ऑनलाइन अभ्यासक्रमाची सत्रपरीक्षा जवळ आली की मंडळापुढे तेच तीन मार्ग येतात. विद्यार्थ्याने घरून, कोणाच्याही देखरेखीशिवाय पेपर सोडवायचा. किंवा घरूनच, पण मोबाइलचा नाहीतर लॅपटॉपचा कॅमेरा चालू ठेवून, म्हणजे ज्याला सगळे प्रॉक्टरिंग म्हणतात तसा. किंवा केंद्रावर येऊन, पर्यवेक्षकासमोर. पहिल्यात कॉपी होते, तिसऱ्यात खर्च आणि यातायात होते, म्हणून मधल्या मार्गाची निविदा काढावीशी वाटते. आम्ही या अभ्यासक्रमांचे प्रश्न काढतो, उत्तरे तपासतो आणि परीक्षेच्या दिवशी सर्व्हरच्या नोंदी पाहतो. आमचे म्हणणे असे की पहिला आणि तिसरा मार्ग दोन्ही ठेवा, मधला सोडा.

देखरेख नसली की गुण वाढतात, यात वाद नाही. वाद आहे तो किती आणि का, याचा. अमेरिकेत वैद्यकीय परिभाषेच्या एका ऑनलाइन कोर्समधल्या १४७ विद्यार्थ्यांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रॉक्टरिंग सॉफ्टवेअर लावलेल्या चाचण्यांत त्यांना सरासरी १७ गुण कमी मिळाले आणि त्यांनी वेळही बराच कमी घेतला. आमच्या मते यातली वेळेची नोंद गुणांपेक्षा जास्त बोलकी आहे. ज्याला शब्द आठवतो तो लगेच लिहितो, जो शोधतो त्याला वेळ लागतो. परिभाषेचा पेपर म्हणजे शोधून सापडणाऱ्या उत्तरांचा पेपर, तेव्हा तिथे एवढी मोठी तफावत दिसावी यात नवल नाही. क्षमता चाचण्यांवरचे ४९ अभ्यास एकत्र करून झालेल्या विश्लेषणात सरासरी फरक खूपच लहान, प्रमाण विचलनाच्या (गुण सरासरीभोवती किती विखुरलेले आहेत ते सांगणाऱ्या मापाच्या) सुमारे एक पंचमांश एवढा निघाला. ज्या प्रश्नांची उत्तरे इंटरनेटवर शोधून मिळत नाहीत, तिथे तो आणखी कमी होता. म्हणजे गुण किती फुगणार हे जेवढे कॅमेऱ्यावर ठरते, तेवढेच प्रश्नावर ठरते.

आणखी एक आकडा 'घरची परीक्षाही चालते' या मताच्या बाजूने पुढे केला जातो. अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठात २०२० च्या जानेवारी-मे सत्राचा पहिला भाग वर्गात, देखरेखीखाली झाला आणि कोविडमुळे उरलेला भाग घरून, देखरेखीशिवाय. १८ कोर्स आणि २,०१० विद्यार्थ्यांच्या वर्गातल्या आणि घरच्या गुणांत सहसंबंध सरासरी ०.५९ आला (१ म्हणजे पूर्ण जुळणी, ० म्हणजे काहीच नाते नाही). अभ्यास चांगलाच आहे, पण तो आपल्याकडे लावताना दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. सहसंबंध गुणांची पातळी सांगत नाही, साधारण क्रम सांगतो: वर्गात पुढे असणारी मुलगी घरच्या पेपरातही साधारण पुढेच राहिली, एवढेच. सगळ्यांचे गुण सरसकट पंधराने वाढले तरी सहसंबंध तसूभरही हलत नाही. आपल्याकडे श्रेणी मात्र थेट टक्केवारीवर मिळते. पदव्युत्तर प्रवेशाची ५० किंवा ५५ टक्क्यांची अट त्याच आकड्याला लागते. सगळे पंधराने वाढले, तर अट असून नसल्यासारखी. दुसरी गोष्ट, ते सत्र चॅटजीपीटी हा प्रश्न टाकताच उत्तर लिहून देणारा चॅटबॉट येण्याआधीचे होते. तो आला ३० नोव्हेंबर २०२२ रोजी. त्याआधीच्या घरच्या परीक्षेत निदान उत्तर शोधावे तरी लागत होते.

आता मधल्या मार्गाकडे वळतो, कारण सगळ्यात जास्त तक्रारी तिथेच आहेत.

स्वयंचलित प्रॉक्टरिंगमध्ये माणूस बघत नसतो. सॉफ्टवेअर ठरावीक खुणा शोधते: चौकटीत चेहरा नाही, दोन चेहरे आहेत, नजर बराच वेळ बाजूला आहे, आवाज आला, पडद्यावरची परीक्षेची खिडकी सोडून दुसरे काही उघडले. प्रत्येक खुणेला एक फ्लॅग, म्हणजे संशयाची नोंद. यातली शेवटची खूण सगळ्यात भक्कम पुरावा मानली जाते, म्हणून तिचीच नोंद पाहू: '११:०७:४२ खिडकीबाहेर, ११:०७:४९ परत'. सात सेकंद. अँड्रॉइड फोनवर एवढ्यात बँकेचा कॉल येऊन कापला गेलेला असू शकतो, बॅटरी संपत आल्याची सूचना आलेली असू शकते, कीबोर्ड बदलताना बोट चुकलेले असू शकते किंवा गुगलवर उत्तर शोधलेले असू शकते. नोंदीत चारही सारखेच दिसतात. चौकशी समितीपुढे ही ओळ ठेवून विद्यार्थ्याला 'खुलासा करा' म्हणणे म्हणजे महिन्यापूर्वीच्या सात सेकंदांचा हिशेब त्याच्याकडून मागणे.

चेहरा न दिसण्याचे कारण बहुतेकदा उजेड असते. विद्यार्थी खिडकीकडे पाठ करून बसला की कॅमेरा खिडकीच्या उजेडाशी जुळवून घेतो आणि चेहरा काळवंडतो. सावळ्या चेहऱ्यावर हे लवकर होते. लाइट गेली की उरलीसुरली शक्यताही संपते. आवाजाच्या फ्लॅगबद्दल लिहायलाच नको: एका खोलीच्या घरात कुकरची शिट्टी, टीव्ही, लहान भावंडे हे सगळे 'संशयास्पद' ठरते. दृष्टिदोष असलेल्या विद्यार्थ्याची नजर पडद्यावर खिळलेली नसते आणि त्याचे स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर, सतत बोलत असते. त्याच्यावर तर पहिल्या मिनिटापासून फ्लॅग. शिवाय केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार दिव्यांग विद्यार्थ्याला तासाला किमान २० मिनिटे जादा द्यायची असतात. ती सॉफ्टवेअरमध्ये आधी भरलेली नसली तर पेपर वेळेवर आपोआप बंद होतो आणि मग हेल्पलाइन शोधत बसा.

इतके करून जे पकडायचे ते पकडले जाते का? परीक्षेच्या फोनलाच टेकवून दुसरा फोन उभा केला की नजर कुठेच हलत नाही. लॅपटॉपचा पडदा केबलने पलीकडच्या टीव्हीवर दाखवला की समोर बसलेला मित्र प्रश्न वाचतो आणि बोटांनी पर्याय दाखवतो. लॅपटॉप बंदिस्त करणारी सेफ एग्झाम ब्राउझरसारखी मोफत सोय विंडोज, मॅक आणि आयपॅडवर चालते, अँड्रॉइडवर चालत नाही. आपले कितीतरी विद्यार्थी अँड्रॉइड फोनवरच पेपर देतात.

फ्लॅगचे गणितही एकदा मांडून बघा. समजा ५,००० जण परीक्षेला बसले आणि त्यातले २ टक्के, म्हणजे १०० जण, खरोखर कॉपी करत आहेत. सॉफ्टवेअर बऱ्यापैकी चांगले धरू: कॉपी करणाऱ्यांपैकी ९० टक्के पकडते आणि प्रामाणिक मुलांपैकी फक्त ५ टक्क्यांवर चुकून बोट ठेवते. मग ९० खरे सापडले आणि ४,९०० पैकी २४५ निर्दोष अडकले. समितीपुढे आलेल्या ३३५ नावांत दर चौघांतले जवळजवळ तिघे निर्दोष. प्रत्येकाचे चित्रण तीन मिनिटे पाहायचे म्हटले तरी पावणेसतरा तास लागतात, आणि हा झाला एकच पेपर. सहा विषयांच्या सत्रात दर पेपरला ५ टक्के चूक धरली, तर प्रामाणिक विद्यार्थ्यावर निदान एकदा फ्लॅग लागण्याची शक्यता २६ टक्क्यांवर जाते. प्रत्यक्षात ती सगळ्यांना सारखी वाटली जात नाही. ज्याच्या घरात उजेड कमी, माणसे जास्त आणि फोन जुना, त्याच्यावरच पुन्हापुन्हा लागते.

इंटरनेटचा प्रश्न आहेच. कॅमेऱ्याचे सलग चित्रण ४०० केबीपीएस वेगाने वर पाठवायचे, तर तासाला सुमारे १८० एमबी लागतात. पॅक दिवसाला दीड जीबीचा असतो, त्यामुळे एकूण डेटा पुरतो. पुरत नाही तो वर पाठवण्याचा वेग: सकाळी अकराला एकाच गावातले वीस जण एकाच टॉवरवर चित्रण पाठवू लागले की रेंज असूनही चित्र अडकते, सॉफ्टवेअर 'संपर्क तुटला' म्हणते आणि घड्याळ मात्र चालूच राहते. दर ३० सेकंदांनी ५० केबीचा एक फोटो घेतला, तर तासाला फक्त ६ एमबी जातात. ओळख पटवण्यापुरता कॅमेरा वापरायचा असेल तर एवढे पुष्कळ झाले. निविदेत सलग चित्रण मागण्याआधी ते नेमके कशासाठी हवे आहे, हे मंडळाने स्वतःला विचारावे.

खोली फिरवून दाखवण्याबद्दलही एक शब्द. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँड स्टेट विद्यापीठाने परीक्षेआधी विद्यार्थ्याला कॅमेरा खोलीभर फिरवायला लावला होता. ऑगस्ट २०२२ मध्ये तिथल्या संघीय न्यायालयाने ही घराची घटनाबाह्य झडती ठरवली. तो निकाल अर्थातच आपल्यावर बंधनकारक नाही. पण खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच सांगितले आहे आणि २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही झाला आहे. चित्रण कुठल्या सर्व्हरवर राहते, कोण बघते, किती दिवसांनी पुसले जाते, ही तीन वाक्ये तरी कंत्राटात असायला हवीत.

मग देखरेखीशिवायची परीक्षा कशाला ठेवायची? कारण तिचे काम वेगळे आहे आणि ते ती चांगले करते. दर आठवड्याच्या छोट्या चाचण्यांनी विद्यार्थी अभ्यासक्रमाबरोबर चालत राहतो, कुठे अडतो ते त्याला आणि आम्हाला कळते, आणि पुस्तक उघडे ठेवून प्रश्न सोडवणे हेही शिकणेच आहे. चूक होते ती या चाचणीवर पदवीचा भार टाकला की.

आयआयटींच्या एनपीटीईएल या ऑनलाइन उपक्रमाच्या कोर्सेसची रचना इथे बघण्यासारखी आहे. असाइनमेंट २५ गुणांच्या, घरून आणि देखरेखीशिवाय: १२ आठवड्यांच्या कोर्समध्ये १२ पैकी सर्वोत्तम ८ धरतात, म्हणजे आजारपण, लाइट, लग्नकार्य यांना आपोआप जागा राहते. अंतिम परीक्षा ७५ गुणांची, केंद्रावर, पर्यवेक्षकासमोर. खरी ताकद पुढच्या नियमात आहे: प्रमाणपत्रासाठी असाइनमेंटमध्ये २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३० असे दोन्हीकडे स्वतंत्र किमान गुण लागतात. असाइनमेंटची उत्तरे टेलिग्रामवर फिरतात हे उघड गुपित आहे. पण ती उतरवून २५ पैकी २५ मिळवणाऱ्याला केंद्रावरचे ३० स्वतःच मिळवावे लागतात. कोणाला कॉपीबहाद्दर ठरवण्याची, समितीपुढे उभे करण्याची गरजच उरत नाही. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स 'स्वयं' या केंद्र सरकारच्या व्यासपीठावरून घेता येतात आणि एनपीटीईएलचे कोर्स तिथेच असतात, त्यामुळे आपले विद्यार्थी ही पद्धत आधीच ओळखतात.

ऑनलाइन पदव्यांसाठी यूजीसीच्या २०२० च्या नियमावलीत सत्रान्त परीक्षेला किमान ७० आणि अंतर्गत मूल्यमापनाला कमाल ३० टक्के भार आहे. आमची मुख्य मागणी याच चौकटीत बसते: ३० गुण घरचे, देखरेखीशिवाय, कॅमेऱ्याविना, ७० गुण केंद्रावरचे, आणि दोन्हींत स्वतंत्र उत्तीर्ण होण्याची अट. घरच्या आणि केंद्रावरच्या गुणांची नुसती बेरीज करून ४० टक्क्यांना उत्तीर्ण केले, तर घरच्या ३० पैकी २८ मिळवलेल्याला केंद्रावर ७० पैकी १२ पुरतात. ही पळवाट कॅमेऱ्याने बुजत नाही, एका ओळीच्या नियमाने बुजते.

घरच्या ३० गुणांसाठी प्रश्नपेढी नीट बांधावी लागेल. आजवर सगळ्यात कमी लक्ष तिच्याकडेच गेले आहे. पेपर ५० प्रश्नांचा आणि पेढीत २०० प्रश्न असतील, प्रत्येकाला यादृच्छिक ५० येत असतील आणि दहा मित्र एका व्हॉट्सॲप ग्रुपवर असतील, तर कोणा एकाच्या पेपरातले सरासरी ४६ प्रश्न उरलेल्या नऊ जणांपैकी कोणाला ना कोणाला आलेले असतात. प्रश्नांचा आणि पर्यायांचा क्रम बदलून इथे काहीही साधत नाही. मुले 'सी' पर्याय पाठवत नाहीत, उत्तराचा फोटो पाठवतात. पेढी १,००० प्रश्नांची केली की हाच आकडा १८-१९ वर येतो.

आकडेमोडीच्या विषयांत मार्ग आणखी सोपा आहे. मूडल या ऑनलाइन शिकवण्याच्या मोफत प्रणालीत प्रत्येकाला वेगळे आकडे देणारा गणन-प्रश्न बनवता येतो. साधा नमुना: 'आपल्या आसन क्रमांकाचे शेवटचे तीन अंक घ्या, त्यांना १०० ने गुणून ४,००,००० मध्ये मिळवा. ही यंत्राची किंमत. ऱ्हासमान शेष पद्धतीने, दरसाल १५ टक्के घसाऱ्याने तीन वर्षांनंतरची किंमत काढा.' अंक ४१७ असतील तर किंमत ४,४१,७०० आणि उत्तर २,७१,२५९ रुपये. ८६२ असतील तर ४,८६,२०० आणि उत्तर २,९८,५८८. मित्राचे उत्तर उतरवून चालत नाही. चॅटबॉटला मात्र हा प्रश्न चुटकीसरशी येतो, हे स्पष्टच सांगायला हवे. आमच्या माहितीत आज असा कुठलाही लेखी प्रश्न नाही जो घरी बसलेल्या विद्यार्थ्याला सुटेल आणि चॅटबॉटला खात्रीने सुटणार नाही. 'एआय-प्रूफ' प्रश्न काढा, असे परिपत्रक कृपया काढू नका.

तिथे तोंडी उपयोगी पडते, तीही सगळ्यांची नको. तुकडीतल्या ६० पैकी सहा जण चिठ्ठीने निवडा, प्रत्येकी सात मिनिटे व्हिडिओ कॉलवर. पाऊण तासात काम संपते. विचारायचे ते त्याच्याच उत्तरातले: 'तिसऱ्या वर्षी तुमचा घसारा दुसऱ्या वर्षापेक्षा कमी का आला?' ज्याने गणित केले आहे तो लगेच म्हणतो, घसारा उरलेल्या किमतीवर लागतो म्हणून. ज्याने चिकटवले आहे तो पुन्हा दर सांगू लागतो. निवड चिठ्ठीनेच हवी. घरचे गुण जास्त आणि केंद्रावरचे कमी असलेल्यांनाच बोलावले, तर तोंडी म्हणजे शिक्षा असा समज होतो, आणि परीक्षेच्या धास्तीने केंद्रावर गळून जाणारी मुले त्यात नाहक येतात.

केंद्राचा खर्च वाटतो तेवढा अवाढव्य नाही. ५,००० विद्यार्थी, प्रत्येकी सहा पेपर, म्हणजे ३०,००० बैठका. तालुक्यांच्या ठिकाणी ४० संगणकांच्या ४० लॅब घेतल्या, दहातला एक संगणक राखीव ठेवला आणि दिवसात दोन-दोन तासांच्या तीन पाळ्या केल्या, तर रोज ४,३२० जण बसतात. सात दिवसांत परीक्षा आटोपते. पेपर आदल्या रात्रीच कूटबद्ध करून केंद्राच्या स्थानिक सर्व्हरवर उतरवायचा, तो उघडण्याची किल्ली, म्हणजे सांकेतिक शब्द, अर्धा तास आधी पाठवायची आणि उत्तरे आधी त्याच सर्व्हरवर साठवायची. मग मधेच इंटरनेट गेले तरी कोणाचा पेपर अडत नाही. यूपीएस फक्त संगणकांना लावून भागत नाही. सर्व्हर आणि नेटवर्कच्या स्विचलाही लावलेला आहे का, हे आदल्या दिवशी मेन स्विच बंद करून पाहायचे. हे पाहायचे राहिले की संगणक चालू आणि पेपर गोठलेला, असा प्रकार होतो.

केंद्र म्हणजे आपोआप स्वच्छ परीक्षा, असा आमचा दावा नाही. गैरप्रकारांविरुद्धचा राज्याचा कायदा १९८२ चा आहे आणि भरारी पथकांची गरज अजून संपलेली नाही. केंद्र बिघडते ते बहुधा एकाच कारणाने: आपल्याच कॉलेजची मुले, आपलेच पर्यवेक्षक, आणि निकालाचा टक्का आपल्याच कॉलेजचा. पर्यवेक्षकांची शेजारच्या तालुक्याशी अदलाबदल करा, २५ जणांमागे एक नेमा आणि त्याच्याकडे फोन ठेवू देऊ नका. ऑनलाइन शिकणाऱ्यांत नोकरदार आणि संसार सांभाळणाऱ्या बायका पुष्कळ असतात, तेव्हा प्रत्येक पेपरला निदान एक पाळी रविवारी हवी. गडचिरोली, नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत केंद्राचे अंतर नकाशावर न मोजता एसटीच्या वेळापत्रकावर मोजावे. जे विद्यार्थी राज्याबाहेर किंवा परदेशात आहेत, किंवा ज्यांना घराबाहेर पडता येत नाही, त्यांच्यासाठी कॅमेऱ्यावरची परीक्षा अपवाद म्हणून ठेवा, पण तिथे समोर जिवंत पर्यवेक्षक हवा, ज्याला लाइट गेल्याचे कळेल आणि जो दहा मिनिटे वाढवून देऊ शकेल.

ज्या विद्यापीठांचे प्रॉक्टरिंगचे कंत्राट आधीच झाले आहे, त्यांनी निदान या सत्रापासून एवढे करावे. फक्त फ्लॅगवरून निकाल राखून ठेवू नये. दोन माणसांनी चित्रण स्वतंत्रपणे पाहून एकमत झाल्याशिवाय नोटीस जाऊ नये. नोटिशीबरोबर तो चित्रणाचा तुकडा विद्यार्थ्याला द्यावा. निकाल ३० दिवसांत लावायचा असतो, त्यामुळे चौकशीला पहिले दहा दिवसच मिळतात. समिती परीक्षेआधी नेमावी, नंतर नव्हे. आणि परीक्षा संपल्यावर चार आकडे संकेतस्थळावर टाकावेत: किती बसले, किती फ्लॅग लागले, किती जणांना नोटीस गेली, किती प्रकरणे सिद्ध झाली. कंत्राटदाराला पुढच्या वर्षी ठेवायचे की नाही, हे ठरवायला एवढे पुरेल.

कंत्राट अजून व्हायचे असेल, तर त्यासाठी काढलेल्या तरतुदीतून आधी प्रश्नपेढीचे मानधन द्यावे. १,००० प्रश्नांची पेढी म्हणजे दहा जणांनी प्रत्येकी शंभर प्रश्न काढायचे, दुसऱ्या दहा जणांनी ते तपासायचे आणि दरवर्षी त्यातले एक पंचमांश बदलायचे. पहिल्या वर्षी हे काम साधारण एका सत्राचे आहे. त्यासाठीचे आदेश या सत्राच्या परीक्षा संपायच्या आत निघाले, तर पुढच्या सत्राला पेढी तयार असेल.

कळावे,

आपले,
ऑनलाइन अभ्यासक्रम शिकवणारे, त्यांचे प्रश्न काढणारे आणि परीक्षा यंत्रणा सांभाळणारे काही प्राध्यापक व तंत्रज्ञ